मामाने भाच्याला मारलं

मामा, तुमचा हात माझ्या कानाखाली बसला तेव्हा आधी आवाज आला आणि दुखणं मागून आलं. कळमनुरीचा बाजार भरलेला होता. तहसीलसमोर दोन्ही बाजूंनी दगड चालले होते, एका पोराच्या भुवईतून रक्त गळत होतं, मिरचीवाल्याचं पाल फाटून लाल तिखट रस्त्यावर सांडलं होतं. एवढ्या गोंधळात ती एकच चापट सगळ्यांना ऐकू गेली, असं मला अजूनही वाटतं.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. गावात एकच बोललं जातं. किसनानं भाच्यावर हात उचलला म्हणून त्याचा हात गेला, आणि हात गेला म्हणून जीव गेला. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. मी पाण्याच्या टाकीजवळ पोचलो की बोलणं थांबतं आणि मी पुढे गेलो की पुन्हा सुरू होतं.

हे खोटं आहे. ते खोटं आहे हे मला कसं कळलं, तेवढं मला लिहायचं आहे. मामी म्हणाली लिही, म्हणून लिहितोय, नाहीतर माझी हिंमत झाली नसती. मला कॉलेजातले निबंध लिहायची सवय आहे. त्यात शेवटी 'म्हणून असे म्हणता येईल' असं लिहावं लागतं. इथे शेवटी काय म्हणता येईल, मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मी पाळण्यात होतो तेव्हापासून तुम्ही माझ्या पाया पडत आलात. आठवीत मला तुमच्या घरी शिकायला ठेवलं, त्या दिवशीही तुम्ही दारातच वाकलात, आणि लगेच म्हणालात, "चला भाचेबुवा, शेण काढू लागा." आणि मामाने भाच्याला मारलं तर मामाचा हात थरथर कापायला लागतो, मरेपर्यंत थांबत नाही, हेही आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणून मी कितीही खोड्या केल्या तरी तुम्ही मला मारलं नाही. राग आला की तुम्ही दाराच्या चौकटीवर बुक्की मारायचात. "तुझी ठेव हाय ही," म्हणायचात.

पण तुमचे हात मारायचे, हे मी पाहिलं आहे. जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही परिचर होतात, गावासाठी मात्र कंपाउंडर. अंगणात लोखंडी खोडा होता. त्यात जनावर उभं करून बांधायचं आणि डॉक्टर साहेबांचं काम होईपर्यंत धरून ठेवायचं, हे तुमचं काम. एकदा एका माणसाने खोड्यात बांधलेल्या बैलाला उगाच काठीची आर टोचली. तुम्ही तीच आर त्याच्या हातातून हिसकली आणि त्याच्या मांडीवर टेकवली. तो ओरडला. तुम्ही म्हणालात, "तुला बोंबलता तरी येतं." साहेबांनी तुम्हाला लेखी समज दिली. तुम्ही ती समज घरी आणून मामीला मोठ्याने वाचून दाखवलीत आणि दोघं पोट धरून हसलात.

मला बैल पाडायला तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच खेपेला बैलाने मला असं फेकलं की माझ्या तोंडात माती गेली आणि एक दात हलला. तुम्ही मला उचललं नाही. वरूनच म्हणालात, "ताकद लावून राहिला काहून? ताकद त्याच्यापाशी तुझ्याहून जास्त हाय. दोर बराबर जागी टाक, तो आपोआप बसतो." दुसऱ्या खेपेला तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर. त्याच्या पोटाची धडधड मला माझ्या गुडघ्यात कळत होती. मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही रांगेतल्या लोकांना सांगत होता, "माझा भाचा. कॉलेजात जाणार हाय."

आणि मी गेलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आई-बाप मेंढरामागे. हिंगोलीला कॉलेजात नाव घातलं तेव्हा फी, खोली, डबा, सगळं तुम्ही पाहिलंत. तुम्हाला मूल नव्हतं. लोक म्हणायचे, किसनाचं सगळं भाच्याचंच. त्यावर तुम्ही म्हणायचात, "माझं हाय काय? एक दोर अन् एक खोडा. खोडा सरकारचा."

आपलं भांडण कधी सुरू झालं ते नेमकं आठवत नाही. मी कॉलेज सांभाळून कळमनुरीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला लागलो, आणि तिकडे जुन्या पेन्शनसाठी तुमच्या बैठका सुरू झाल्या, तेव्हापासून असेल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुनी पेन्शन म्हणजे निवृत्त झाल्यावर शेवटच्या पगाराच्या निम्मे दर महिन्याला, मरेपर्यंत, आणि माणूस गेला तर त्याच्या बायकोला काही भाग. नव्यात पगारातून कापून घेतात, बाजारात गुंतवतात आणि शेवटी बाजार देईल ते आपलं. तुम्ही दवाखान्यात आधी कितीतरी वर्षं रोजंदारीवर होतात. तुम्हाला कायम केलं तोपर्यंत जुनी बंद झाली होती.

"शेखचाचाला बघ," तुम्ही जेवताना म्हणायचात. शेखचाचा तुमच्याबरोबरचेच, आधी कायम झालेले आणि आता निवृत्त. "त्याच खोड्याला त्यानं बी दोर बांधला, मी बी. त्याच बैलाची लाथ त्याला बी बसली, मला बी. आता त्याची सून त्याला इचारून च्या करते. साखर कमी टाकू का मामूजान, म्हणते. मला कोण इचारीन?"

"मी विचारीन की."

"तू आदी तुझं बघ. अभ्यासिकेत बसून बसून बुडाला घट्टे पडले तुझ्या."

मामी हसायची. मग मी पुस्तकातलं बोलायला लागायचो. सरकारकडे पैसा एकच आहे, तुमच्या म्हातारपणाला दिला तर आमच्या भरतीला कुठून येणार, जागा रिकाम्या पडल्यात त्या तशाच राहणार. तुम्ही म्हणायचात, "हे आमदाराला जाऊन सांग. त्याची पेन्शन बंद कर म्हणावं पयली." मग मी माझं शेवटचं काढायचो.

"अन् मायचं काय? माय तुमची सख्खी बहीण. जन्मभर मेंढरामागं पायाची कातडी झिजवली. तिच्या म्हातारपणाचं कोण बोलून राहिलं तुमच्या बैठकीत?"

तुम्ही ताट सरकवायचात. उत्तर सुचलं नाही असं वाटायचं नाही. ते तोंडाशी येऊन परत गिळल्यासारखे तुम्ही दिसायचात. वाद तिथेच थांबायचा.

संप झाला. दवाखान्याला कुलूप लागलं. अभ्यासिकेतल्या आम्ही पोरांनी ठरवलं, आपणही मोर्चा काढायचा, संपाच्या विरोधात. माझा मित्र विलास पुढे होता. त्याने घोषणा बनवली होती, 'निम्म्या पगारात राबतो, आम्हाला कामावर घ्या!' मीही ओरडत होतो. मला ते खरं वाटत होतं, आणि त्यातलं काही अजूनही खरं वाटतं. तुमचा मोर्चा तहसीलसमोर बसला होता, आमचा तिथे पोचला. पोलीस मध्ये उभे राहिले, पण त्यांची तोंडं चहाच्या गाड्याकडे होती.

आमच्यातल्या कुणीतरी बांगड्या फेकल्या. त्या पडल्या नर्सबाई बसल्या होत्या तिथे. एका नर्सबाईने एक बांगडी उचलली, हातात भरली आणि हात वर करून ओरडली, "बांगड्या भरलेल्या हातानंच तुझ्या मायला बाळंत केलं रे भाड्या! तवाच उलटा दाबायला पायजे व्हता तुला!" तुमचा सगळा मोर्चा हसला. आमच्या पोरांना ते हसणं झोंबलं. पहिला दगड त्यानंतर गेला. कुणाचा, मला माहीत नाही. मग दोन्हीकडून सुरू झालं. शिक्षक, तलाठी, शिपाई, आणि समोर त्यांनीच शिकवलेली पोरं. मी माझ्या सातवीच्या गुरुजींना चप्पल उगारताना पाहिलं. विलासने एकाच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं तिखटात लोळले. डोळे चोळत, शिंकत ते एकमेकांना मारत होते.

तुम्ही माणसं बाजूला सारत आलात. बैलांमधून वाट काढतात तसे.

"भाचेबुवा, घरी चला."

"तुमी जा."

"घरी चल म्हणलं ना. डोकं फुटंल."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "तुमच्याच्यानं आता बैल धरवत न्हाई मामा! म्हातारे झाले तुमी! सोडा की नोकरी! उद्या मी उभा राहतो खोड्यापाशी, निम्म्या पगारात, बिनपेन्शनीचा!"

आणि तुम्ही मारलं.

मिरचीवाला म्हातारा पालाखालून बाहेर आला आणि खून झाल्यासारखा ओरडला, "अरे मामानं भाच्याला मारलं रे!" मामा, मारामारी थांबली. खरंच थांबली. ज्याच्या हातात दगड होता त्याने तो खाली टाकला. तुमच्या संघटनेचे जाधव गुरुजी झेंड्याची काठी घेऊन एकाच्या अंगावर चालले होते, ते मध्येच वळले. "किसन, हे काय करून बसलास?" त्या गर्दीत प्रत्येक जण कुणाचा तरी मामा होता नाहीतर भाचा. भुवई फुटलेला पोरगा रक्त पुसत तुम्हाला म्हणाला, "आता काय पाहता? पाय धरा त्याचे, सुटून जाईन." पोलीस साहेबाने हवालदाराला विचारलं, काय झालं. हवालदार म्हणाला, "साहेब, ते त्यांचं घरचं मॅटर हाय, आपुन नाही पडायचं." इतका वेळ डोकी फुटत होती, त्यात ते पडले नव्हते ते वेगळंच.

तुम्ही पाय धरले नाहीत. आपला तळवा उलटासुलटा करून पाहिलात आणि निघून गेलात.

आईला कळलं तेव्हा ती मेंढरं तशीच सोडून तुमच्या घरी गेली आणि हातातली काठी तुमच्या पाठीत घातली. तुम्ही बसून मार खाल्लात. मग ती माझ्याकडे वळली आणि तीच काठी माझ्या पोटऱ्यांवर ओढली. "माझ्या नावानं भांडता दोघं. मला इचारलं का कोनी?" मी पळालो. माझ्या पोटरीवर अजून त्याचा वण आहे.

संप मिटला, पण त्यानंतर आपण नीट बोललो नाही. मी सुट्टीत यायचो, तुम्ही दवाखान्यात असायचात. आणि तुमचा हात कापायला लागला. सगळ्यांना दिसेल असा. डॉक्टर साहेब नवीन होते, स्वभावाने चांगले. त्यांनी विचारलं, "किसनराव, हाताला काय झालं?" तुम्ही म्हणालात, "भाच्याला मारलं साहेब." रांगेतले लोक हसले, साहेबही हसले. पुढे तो रोजचा विनोद झाला. "कंपाउंडर, आज किती कापून राहिला?" "आज कमी हाय. भाचा अभ्यासाला बसला आसंन." हे मला लोकांकडून कळायचं. मी विज्ञान शिकतो. चापटीने मारणाऱ्याचा हात बिघडत नाही, हे मला कळतं. तरीही हात खरंच कापतोय हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मामीकडे निरोप दिला की नांदेडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तुमचा उलटा निरोप आला, "हे देवाचं हाय, डाक्टरचं न्हाई."

आता तो दिवस. मी तिथे नव्हतो. निवृत्त झाले तरी दवाखान्यात येऊन बसणाऱ्या शेखचाचांनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. शिंगाला कर्करोग झालेला बैल आणला होता, मोठा, लाल, वेदनेने पिसाळलेला. शिंग बुडापासून काढायचं होतं. मालकाने दोर धरतो म्हटलं, शेखचाचांनीही म्हटलं. तुम्ही कुणाला धरू दिला नाही. डोक्याचा दोर खोड्याच्या खांबाला वेढा घालून तुम्ही ओढून धरलात. साहेबांनी भूल द्यायला सुई लावली तसा बैलाने झटका मारला, आणि दोर तुमच्या मुठीतून सरकत गेला. शेखचाचा म्हणाले, "मैंने रस्सी देखी ना बेटा, हाथ देखा. हाथ बंद ही नहीं हुआ." बैलाने मान फिरवली. चांगलं शिंग तुमच्या बरगडीखालून आत गेलं. त्याने तुम्हाला उचललं, खांबावर आपटलं, पुन्हा उचललं. तुम्ही पडलात तेव्हा तुमचा गमछा तुम्हीच पोटावर दाबलात आणि साहेबांना म्हणालात, "बैल धरा, बैल धरा, शिंग मोडून घेईन तो." हिंगोलीच्या रस्त्यात तुम्ही गेलात.

मी पोचलो तेव्हा बैल तिथेच होता. त्याच्या शिंगावर तुमचं रक्त वाळून काळं झालं होतं. मी दवाखान्यातली पहार उचलली. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला कुणाचंही डोकं फोडायचं होतं. मी पहार वर केली आणि शेखचाचांनी मागून कमरेला मिठी मारली. म्हातारा माणूस, पण मला हलता येईना. "जनावर है बेटा. उसकू क्या मालूम." मी त्यांनाही शिव्या घातल्या. ते सोडेनात. शेवटी पहार माझ्या हातातून पडली, त्यांच्या पायावर. ते तेव्हाही नाही ओरडले.

तुम्हाला नेताना मागच्या बायका भाच्यावर हात उचलल्याचंच बोलत होत्या, ते मी ऐकलं. मामी पण ऐकत होती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामी तुमचे कपडे काढत होती. मी मदतीला बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "लेकरा, तुला मारल्यानं न्हाई कापला त्यायचा हात. आधीच कापत व्हता."

मी हातातले कपडे खाली ठेवले.

"दोन पावसाळे झाले. पयले बोटं. मंग पंजा. घरी च्या बशीत घेनं बंद केलं, गिलासात दे म्हनले. दवाखान्यात डाव्या हातानं गाठ मारायचे, दातानं ओढायचे. कुणाला दिसू देलं न्हाई."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"कुणाला? साहेबाला सांगावं तर तपासायला धाडतीन. अनफिट म्हणून घरी बसवतीन. म्हनले, जुनी पेन्शन आसती तर उद्याच सांगितलं असतं, बसवा घरी म्हनून. ह्या नव्यात काय हाती येईन ते कुणाला ठावं. आपल्याला पोरगं न्हाई. नोकरी पुरी करू कशीबी."

मग मामीने तुमचा सदरा घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला.

"तुला मारून घरी आले ना, खाटेवर बसले अन् आधी रडले. मंग हासले. मला वाटलं येड लागलं. म्हनले, 'आता कापू दे. आता समद्यायले कारन सापडलं.'"

मामा, मी उठलो आणि भिंतीवर डोकं आपटलं. मामीने मला ओढलं नसतं तर फुटलं असतं. मला त्या घडीला तुम्ही जिवंत हवे होतात, फक्त तुम्हाला धरून गदागदा हलवायला. शापाने हात कापला तर कुणी नोकरीवरून काढत नाही. आजाराने कापला तर काढतात. हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही आख्ख्या गावाला हसवत त्या शापाच्या आड लपलात. आणि मी? मी हिंगोलीच्या खोलीत बसून महिनोन्‌महिने माझ्या गालामुळे तुमचा हात गेला म्हणून जळत होतो. तुम्हाला ते दिसलं नाही का? की दिसलं, आणि 'पोरगं शिकलेलं हाय, त्याला ठावं हाय हे थोतांड हाय' असं तुम्ही धरून चाललात?

मी त्या दिवशी ओरडलो होतो की तुमच्याने बैल धरवत नाही. मला काहीच माहीत नव्हतं. तोंडात आलं ते बोललो. पण तुमच्या खात्यातली सगळी माणसं तिथे उभी होती. तुम्हाला वाटलं असेल, ह्याला कळलं, आणि हा आता सगळ्यांसमोर सांगतोय. म्हणून मारलंत का? की नुसता राग होता? की मारता मारता तुम्हाला ते कारण सुचलं? मी मामीला विचारलं. तिला माहीत नाही. एवढं मला आठवतं, माझ्या गालावर आला तेव्हा तो हात अजिबात कापत नव्हता.

मी किती वाद घातले मामा. पुस्तकातले. त्यात म्हातारा माणूस नेहमी तक्त्यात असायचा, खर्चाच्या बाजूला. जुनी पेन्शन असती तर तुम्ही त्या दिवशी खोड्यापाशी नसता, घरी बसून माझ्याशी भांडत असता. हे मी आता मान्य करतो. तरीही माझं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. विलास अजून अभ्यासिकेत बसतो, त्याचं वय निघून चाललंय. त्याची भरती निघाली नाही म्हणून तो चिडतो, ते खोटं नाही. तुम्ही आजार लपवून मेलात आणि तो काम मागत मागत सुकतोय, आणि तुम्ही दोघं तहसीलसमोर एकमेकांवर दगड मारत होतात. ज्यांनी हे ठरवलं ते तिथे नव्हतेच. त्यांच्यापर्यंत आपला एकही दगड पोचला नाही.

परवा दवाखान्याच्या अंगणात तुमची शोकसभा झाली. सतरंज्या टाकल्या होत्या. खोडा तिथेच, कुणीतरी धुतलेला. तुमच्या फोटोमागे संपाचा फलक लावला होता. विलास आणि अभ्यासिकेतली पोरं मागे उभी होती, तुमच्यासाठी आली होती ती. जाधव गुरुजी बोलले. चांगलं बोलले. तुम्ही लढणारे होतात, पेन्शनसाठी शेवटपर्यंत लढलात. मग म्हणाले, "भाच्यावर हात उचलल्याचं शल्य किसनरावांच्या मनाला लागलं होतं, आणि अखेर..."

मी उठलो. माइकवर बोलायची मला सवय नाही. मी एवढंच म्हटलं, की मामाचा हात दोन वर्षांपासून आजारी होता, आणि नोकरी जाईल म्हणून त्यांनी तो लपवला, आणि म्हणून ते मेले. शापाने नाही.

मग तुमच्या खात्यातला एक जण चवताळून उठला आणि माझी गचांडी धरली. "आमचे लोक आजार लपवून काम करतात म्हणून सांगून राहिला का तू? उद्या समद्यांची तपासणी लावतीन! घरी बसवतीन! कोनं शिकवलं हे तुला?" विलास मागून धावला आणि त्याच्या हातावर ठोसा मारला. पुन्हा तेच सुरू झालं, मामा, तुमच्या शोकसभेत. कुणी कुणाला ढकललं, टेबल कलंडलं, तुमचा फोटो पडला आणि काच फुटली. माझ्या सदऱ्याची बटणं तुटली. तेवढ्यात मामी उभी राहिली. ती इतक्या लोकांसमोर कधी बोलली नव्हती.

"खरं हाय त्याचं," ती म्हणाली. "मीच सांगितलं. भिऊन भिऊन जगला माझा मानूस. मेल्यावर तर त्याला भेव घालू नका."

गचांडी धरणाऱ्याने हात काढला. तो खाली बसला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ठेवले. तेव्हा माझ्या मनात आलं, याचंही काहीतरी लपवलेलं असेल. गुडघा, डोळा, छाती, काहीतरी.

शोकसभा संपली असं गुरुजींनी सांगितलं. पुढे तिथेच बैठक होती, पुन्हा संपावर जायचं की नाही याची. बाहेरचे लोक उठले. आई कुंपणाबाहेर मेंढरं घेऊन उभी होती, शोकसभेलाही आत आली नव्हती. आता ती आत आली. मेंढरं शेखचाचांच्या हवाली केली, चपला काढल्या आणि सतरंजीवर पुढच्या रांगेत येऊन बसली.

गुरुजी अदबीने म्हणाले, "आक्का, आता बैठक कर्मचाऱ्यांची हाय. पेन्शनची."

"व्हय, ठावं हाय," आई म्हणाली. "मंग? मी बी म्हातारी होऊन राहिले."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, ना हो, ना नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मग गुरुजींनी माइक बंद केला, टेबल बाजूला सारलं आणि तिच्यासमोर खाली मांडी घालून बसले.

"बोला आक्का," ते म्हणाले.

मामा, बैठक तिथून सुरू झाली.